हिरव्या दिव्याचा माणूस

दहीभात खाताना उदयसिंहची दाढ तुटली. भातात खडा नव्हता, दह्यात काही पडलेलं नव्हतं. त्याच्या बायकोनं, मोनानं, भात नेहमीसारखा मऊ कालवून दिलेला. तान्ह्या पोराला भरवला असता तरी त्यानं तक्रार केली नसती. घास तोंडात फिरत असताना कानाच्या खालच्या अंगाला कुठंतरी कट् झालं आणि जिभेला एक धारदार, परकी वस्तू लागली. त्यानं ती रुमालात काढून बघितली. आपलाच तुकडा आपण इतक्या तटस्थपणे बघू शकतो याचं त्याला आधी कौतुक वाटलं, मग त्या कौतुकाचाच संशय आला. याच दाढेनं लहानपणी ऊस सोललेला, लग्नात सुपारी फोडलेली, मटणाच्या नळ्या तर किती फोडल्या त्याला हिशेब नाही. ती दहीभाताला हरली. सांगितलं तर लोक हसतील, म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही. तसं तो कधीच कुणाला काही सांगत नसे, त्यामुळे यासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत. समोर टेबलावर त्याचा दिवा होता. हिरवा.

या दिव्याची हकिकत अशी. उदयसिंह एका दूध संघात कामाला होता. जिल्ह्यातल्या मोठ्या संघांपुढे हा संघ म्हणजे पंगतीच्या शेवटी बसलेला लांबचा भाचा. पण गावोगावच्या सभासदांची जनावरं आजारी पडली की फोन घ्यायला त्याची एक खोली होती. कोल्हापुरातल्या कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर चार टेबलं, चार फोन. कुणाची गाय फुगलेली, कुणाची म्हैस अडलेली, कुणाच्या बैलानं तार गिळलेली. गाव विचारायचं, जवळ कुठला डॉक्टर आहे बघून त्याची गाडी पाठवायची, आणि गाडी पोचेपर्यंत फोनवरच्या माणसाला जनावराचं काही भलतंसलतं करू द्यायचं नाही. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड, आणि त्याचा नियमावलीत उल्लेख नव्हता. पुढं संघाला वाटलं, कर्मचाऱ्यांच्या ताणाकडे लक्ष द्यायला हवं. हा विचार इतका चांगला होता की त्याची अंमलबजावणी बाहेरच्या कंपनीला दिली गेली. कंपनीनं फोनला एक यंत्र जोडलं आणि प्रत्येक टेबलावर एक दिवा ठेवला. यंत्र आवाज ऐकायचं. आवाज चढला की ताण वाढला असं समजून दिवा पिवळा, मग लाल. पहिल्या दिवशी दहा वाजता यंत्र सुरू झालं आणि चहा येईपर्यंत खोली कुंकवाच्या दुकानासारखी लाल झाली. फोन करणाऱ्यांच्या आवाजाचीही नोंद व्हायची. त्यात मुरगूडकडच्या एका गृहस्थाला यंत्रानं ‘अतिसंतप्त’ ठरवलं. त्यानं फक्त डॉक्टर जेवले काय, असं विचारलं होतं.

यंत्र कुठल्या मुलखात शिकून आलं होतं कोण जाणे. तिथं माणसं बहुधा राग आल्यावर ओरडत असावीत. इथं माणूस आनंदात ओरडतो, मायेनं ओरडतो, रस्त्यापलीकडच्या पावण्याला चहाला बोलवायला ओरडतो, आणि पावणा नको म्हणाला तर त्याच्याहून मोठ्यानं ओरडतो. राग आला की मात्र आवाज खाली येतो, आणि मग शहाणी माणसं वाट सोडतात. हे यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. खोलीत एकच दिवा दिवसभर हिरवा राहिला, उदयसिंहचा. कारण तो जन्मापासून हळू बोलायचा. शाळेत गुरुजी हजेरीला त्याचं नाव दोनदा घ्यायचे आणि दुसऱ्यांदा गैरहजेरी मांडायचे. या दोषाला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी अचानक गुणाचा दर्जा मिळाला. कार्यशाळा झाली. पुण्याहून आलेल्या सल्लागार बाईंनी त्याला उभं करून सगळ्यांना सांगितलं की ताणाला सामोरं कसं जावं हे यांच्याकडून शिका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी चार दिवे पिवळे झाले. त्याचा फोटो जिन्यात लागला, खाली ‘शांत मन, तत्पर सेवा’. मोनानं तो बघितला आणि म्हणाली, फोटोत तुमी दात का खाताय? तेव्हा तो हसला होता. म्हणजे ओठ हलवले होते.

त्यानंतर खोलीचे नियम बदलले, त्याला आता चार महिने झाले. उभं राहून बोलायचं नाही, कारण उभा माणूस ओरडतो. खिडकी उघडायची नाही, कारण रस्त्याच्या आवाजानं यंत्र गोंधळतं. डबा टेबलावरच खायचा. आणि सगळ्यांनी उदयसिंहसारखं बोलायचं. समोरच्या टेबलावर प्रेरणा बसायची. सीमेकडच्या गावातली, घरी कानडी, दारी मराठी, नवरा फौजेत, पोरगी बालवाडीत. तिचं फोनवरचं बोलणं पूर्वी खालच्या पानपट्टीवर ऐकू जायचं. “यव्वा, म्हशीला तंबाखू कुणी चारायला सांगितली हो तुमास्नी? ती काय तुमचा मेव्हणा हाय?” असं ती कुठल्या तरी आजोबांना विचारायची, आजोबा तिकडून तिच्या वरताण ओरडायचे, दोघं मिळून म्हैस वाचवायचे, आणि फोन ठेवला की प्रेरणा तांब्याभर पाणी पिऊन विचारायची, उदयदादा, चटणी देऊ काय? विसरून गेलेली असायची सगळं. दुपारी गोळी घेणारं माणूस तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. आता प्रेरणाही हळू बोलायला शिकली होती. शब्द एकेक तोलून, खाली ठेवल्यासारखे टाकायची. आणि संध्याकाळपर्यंत तिच्या मानेवर लाल चट्टे उठायचे. एकाला पित्त झालं, एकाचं डोकं दुखायचं ते राहीना. फोनही लांबायला लागले. कारण गावाकडं मऊ आवाजात बोलायला लागलं की लोक समजतात, काहीतरी वाईट झालं. एवढं गोड बोलतोय म्हणजे डॉक्टर काय येत न्हाय. मग ते पुन्हा विचारतात, मोठ्यानं. त्यांचा लाल, आपला हिरवा, मध्ये म्हैस.

आणि प्रेरणाचा शेवटी तुटायचा तो बांध तुटलाच. गेल्या आठवड्यात तिचा दिवा सलग लाल राहिला. आज सकाळी पृथ्वीराज साहेब, म्हणजे खोलीचे प्रमुख, तिशी ओलांडलेला, इस्त्रीचा, मनानं वाईट नसलेला माणूस, उदयसिंहच्या टेबलाशी आले. हळू आवाजात म्हणाले की प्रेरणाताईंना गारगोटीच्या दूध शीतकरण केंद्रात हलवावं असं ठरतंय, तिथं फोन नाहीत, त्यांच्याच तब्येतीला बरं. तुमचं मत महत्त्वाचं, तुम्ही इथले आदर्श. आज संध्याकाळी सही करतो. चालेल ना? आणि उदयसिंहनं मान हलवली.

तो त्या मानेचाच विचार करत होता, तेव्हापासून. मान हलवायचं त्यानं ठरवलं नव्हतं. ती आपली हलली. साहेबांचं वाक्य संपलं आणि वाक्य संपल्यावर मान हलते. आयुष्यभर असंच चाललेलं. बदली घ्याल ना, हलली. रविवारी याल ना, हलली. लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे ना, तेव्हाही हललेली, आणि ते नशिबानं बरं निघालं. पण नशिबाला दर वेळी कामाला लावता येत नाही. प्रेरणाची पोरगी बालवाडीतून बाराला सुटते, शेजारीण दोनपर्यंत सांभाळते, पुढं प्रेरणा दुपारच्या सुट्टीत जाऊन तिला आईकडं सोडून येते. पन्नास किलोमीटरवरच्या गारगोटीहून हे कसं होणार? नोकरी सोडेल ती. हे सगळं त्याला माहीत होतं. मानेला माहीत नव्हतं. समोर प्रेरणा कुणाला तरी “आपण कृपया काळजी करू नये” असं सांगत होती, आणि सांगताना टेबलाची कड घट्ट धरली होती. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. दुपारी डबा उघडला. दहीभात होता.

दाढ दुखते एवढंच सांगितल्यावर दाताच्या डॉक्टरकडं जाण्यापुरती रजा साहेबांनी लगेच दिली. दवाखाना राजारामपुरीत, चालत जाण्याजोगा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तोंडात आरसा घालून त्यांनी एकेक दाढ तपासली, मग म्हणाल्या, काका, तुमच्या सगळ्याच दाढा झिजल्यात. झोपेत दात चावता का? त्याला मोना आठवली. आपल्या पोटमाळ्यावर घूस आहे, रात्रभर काहीतरी कुरतडते, असं ती महिनाभर म्हणत होती, आणि त्यानं पिंजराही आणून ठेवला होता. पिंजऱ्यात रोज भज्याचा तुकडा लावणारा आपण, आणि घूसही आपणच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कामाचा काही ताण? त्यानं मान आडवी हलवली. ताण नाही याचा फोटो जिन्यात लागलेला माणूस दुसरं काय करणार. मग त्यांनी जबड्यात इंजेक्शन दिलं, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू भाड्यानं दिल्यासारखी परकी झाली.

खुर्चीत आडवं पडून वरच्या दिव्याकडं बघताना त्याला आण्णा आठवले. आण्णा म्हणजे वडील. गुळाच्या सौद्यात भाव पुकारायचे. ढेपांच्या रांगेवरून अडत्यांचा घोळका पुढं सरकायचा आणि आण्णांचा आवाज घोळक्याच्या डोक्यावरून जायचा, पत्र्यावर आपटायचा, परत यायचा. लहानपणी एकदा त्यानं तो ऐकलेला, आईचा हात धरून. हाच माणूस आपल्या घरी येतो यावर त्याचा विश्वास बसला नव्हता. कारण घरी आण्णा बोलतच नसत. सकाळभर आवाज खर्चून यायचे, गूळपाणी प्यायचे आणि भिंतीला टेकून डोळे मिटायचे. आई तोंडावर बोट ठेवायची. मग तो पाय न वाजवता त्यांच्याजवळ जाऊन बसायचा आणि त्यांच्या सदऱ्याला गुळाचा, घामाचा, पोत्याचा मिळून जो वास यायचा तो घेत राहायचा. आण्णा डोळे न उघडता हात त्याच्या डोक्यावर ठेवायचे. तेव्हाच कधीतरी त्याच्या मनानं घेतलं असणार की माया म्हणजे गप्प बसणं. आवाज बाहेरच्यांसाठी. घरच्यांना शांतता द्यायची. हे त्यानं इतकं मनापासून पाळलं की पुढं आण्णांना कानानं दगा दिला तरी तो हळूच बोलत राहिला. आण्णांना मोनाचं बोलणं ऐकू येतं, कारण मोना कसबा बावड्याची, म्हणजे आवाज जन्मजात मोठा. उदयसिंहचं येत नाही. तो मोनाला सांगतो, मोना आण्णांना ओरडून सांगते, आण्णा मोनाला उत्तर देतात. बापलेक एका खोलीत बसतात आणि मध्ये दुभाषी लागतो. यालाही घरात सगळे उदयचा शांत स्वभाव म्हणतात.

दवाखान्यातून बाहेर पडला तेव्हा एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. जबडा आवळता येत नव्हता. तो आवळायला गेला आणि डावीकडून कुणी होकारच देईना. चुकून दार उघडं राहिल्यासारखं तोंड किंचित उघडं. आणि नवल म्हणजे, जबडा सुटल्यावर खांदेही खाली आले, पोटातली कसलीशी गाठ सैल झाली. इतकी वर्षं एवढं सगळं एकाच खुंटीला टांगलेलं होतं तर. रस्त्यावर एक रिक्षावाला दुसऱ्याला शिव्या देत होता, दुसरा हसत होता. फळवाला कुणा ओळखीच्या बाईला, वैनी, आज तोंड का पाडलंसा, असं भर चौकात विचारत होता, आणि वैनी तिथूनच त्याला सासूची हकिकत सांगत होत्या. तो थांबून ऐकत राहिला. त्याला बरं वाटत होतं. दुसऱ्याचं ओरडणं ऐकून आपल्याला बरं वाटतं हे त्याला नवीन नव्हतं, पण त्याचा अर्थ आज लागला. पूर्वी त्या खोलीत फोन तसेच यायचे, म्हशी तशाच अडायच्या. एखादा फोन वाईट गेला, जनावर गेलं, की तो काही न बोलता उठायचा, खिडकीशी उभा राहायचा, आणि पाठीमागं प्रेरणा कुणावर तरी तोफ डागत असायची. त्याच्या वाटचंही ती ओरडून घ्यायची. त्याचा शांत स्वभाव तिच्या घशावर चाललेला होता. खिडकी बंद झाली, तिचा घसा बंद झाला, आणि त्याचा स्वभाव एकटा पडला. दाढ तेव्हाच तडकायला लागली असणार. दहीभाताचं निमित्त.

खोलीत परत येऊन बसतो न बसतो तोवर फोन वाजला. चिमणाबाई म्हणून एक बाई, मुरगूडच्या पुढच्या एका वाडीतून. म्हैस अडली होती. रेडकाचा एकच पाय बाहेर, दुसरा आत मुडपलेला, आणि घरात पुरुषमाणूस नाही म्हणून गल्लीतली चौघं मदतीला आलेली. मदत म्हणजे त्यांनी त्या पायाला दोर बांधला होता. उदयसिंहनं बिद्रीच्या डॉक्टरांची गाडी काढायला सांगितली. मग नेहमीच्या आवाजात म्हणायला गेला की मावशी, कृपया दोर ओढू देऊ नका. तोंडातून निघालं ते असं काहीतरी होतं की स्वतः त्यालाच ते कुठल्या जनावराचं आहे कळेना. बाई म्हणाली, आं? त्यानं पुन्हा सांगितलं. बाई म्हणाली, कोण बोलालंय, मानूस हाय न्हवं? तिच्यामागं गलका ऐकू येत होता, कुणीतरी एक, दोन असं मोजायला लागलेलं. अर्ध्या तोंडानं हळू बोलता येत नाही. हळू बोलायला पूर्ण तोंड लागतं. तो उभा राहिला. खुर्ची मागं गेली, फोनची वायर ताणली.

“मावशी, दोर सोडा! पयला दोर सोडा! त्यास्नी सांगा, वढलं तर म्हस बी जाईल आन रेडकू बी!”

आवाज त्याचाच होता. चिरका, फाटका, वापरात नसलेल्या पेटीसारखा. पण बंद खिडकीच्या काचेवर आपटला आणि परत आला. खोलीतले सगळे त्याच्याकडं वळले. तिकडं बाईनं तोंड बाजूला करून गल्लीला असा आवाज दिला की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला. सोडा रं मुडद्यांनो, सायेब काय म्हन्तोय! मोजणारा थांबला. मग तिनं सांगितलं की सोडला. उदयसिंह ओरडला, आता माणसं लांब करा, म्हशीजवळ तुम्ही एकट्याच थांबा, तिच्याशी बोला. बाई ओरडली, काय बोलू? तो ओरडला, रोज काय बोलता ते बोला! आणि गाडीचा आवाज येईपर्यंत दोघं असंच ओरडत राहिले, फाट्यावरून कुठं वळायचं ते, म्हशीचं कितवं वेत ते, बाईचा लेक कुठं इचलकरंजीत कामाला आहे ते. फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, “आता कसं मानसागत बोललासा. आदी मला वाटलं, म्हस गेल्याचंच सांगायला लागलाय.”

तो बसला. घाम आलेला. छातीत धडधडत होतं, पण वाईट नव्हतं ते. जत्रेतून आल्यावर पाय दुखतात तसं होतं. टेबलावरचा दिवा लाल होता. इतका लाल की प्रेरणाच्या पाण्याच्या तांब्यावर त्याची तिरीप पडलेली. प्रेरणा त्याच्याकडं बघत होती आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर नव्हते.

पृथ्वीराज साहेब केबिनमधून आले. दिवा बघितला, त्याचा वाकडा चेहरा बघितला, आणि त्यांना सगळं समजलं. हळू म्हणाले, उदयराव, काळजी करू नका, दाढेच्या इंजेक्शनचा परिणाम आहे हा, आजचा लाल आपण धरायचा नाही, मी कंपनीला कळवतो. तुम्ही हिरवेच. बरं, ते प्रेरणाताईंचं मी करून टाकतो. यातून सुटायला दार असं सताड उघडं होतं. नुसतं वाक्य संपू द्यायचं, मान आपलं काम करील, आणि उद्या परत हिरवं. त्याला मानेच्या मागं ती ओळखीची हालचाल सुरू झालेली कळली. त्यानं चक्क हातानं मान धरली, लोकांना वाटलं कळ आली. म्हणाला, साहेब, सकाळचा होकार नव्हता. साहेब म्हणाले, काय? अर्धं तोंड. त्यानं पुन्हा सांगितलं. काय म्हणता, उदयराव? तिसऱ्या वेळी मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

“सकाळी मान हलली सायेब, मी हो म्हटलो न्हाय. प्रेरणा वरडती म्हणून मी हितं टिकलोय. तिला गारगोटीला धाडायचं तर मला बी धाडा, आन त्यो फोटू काढा.”

प्रेरणा उठून उभी राहिली होती. तिला बदलीचं आत्ता, असं कळत होतं. “मला कुठं धाडालाय?” ती म्हणाली, आणि तिचा तोललेला आवाज गेला, जुना आला. “मी जातो की गारगोटीला! पोरीला काय म्हशीच्या गोठ्यात बांधून जाऊ? सांगा की!” पित्तवाला म्हणाला, खिडकी उघडा आधी. डोकेदुखीवाला म्हणाला, चार महिने झोप न्हाय मला. साहेब सगळ्यांना हातानं खाली बसा, खाली बसा करत होते. ते शिकले पुण्यात, पण मूळचे कागलचे. आणि माणसाला घेरलं की ते मुळाकडं जातं. उदयसिंहच्या टेबलापाशीच उभे होते, आणि चिमणाबाईशी बोलून झाल्यावर त्याचा फोन जागेवर ठेवायचाच राहिलेला. एकदम ते ओरडले, “आरं, वरडू नका म्हणतोय न्हवं!” आणि निवत चाललेला दिवा त्यांच्या बोटांखाली भडकून लाल झाला.

साहेबांनी दिव्याकडं बघितलं. दिव्यानं त्यांच्याकडं. प्रेरणा हसली, ओढणी तोंडात धरून; मग धरायची सोडून दिली. साहेबांनी थोडा वेळ त्या दिव्याची तार हातात घेतली, नुसती बघितली, आणि खरोखर शांतपणे म्हणाले की हे यंत्र इकडच्या आवाजाला लावून आणायला पाहिजे, तोपर्यंत दिवे काढून ठेवा. बदलीचं काय, असं उदयसिंहनं विचारलं, मोठ्यानं, कारण आता सवय लागत होती. साहेब म्हणाले, बघू. कार्यालयात बघूचे बरेच प्रकार असतात. हा त्यातला सही न करता घरी जाणारा बघू होता. उद्याचं उद्या, उद्या साहेब हा बघू बदलूही शकतील, आणि मग आपल्याला पुन्हा ओरडावं लागेल. या विचारानं त्याला दमायला झालं, पण भीती वाटली नाही. कुणीतरी खिडकी उघडली. रस्ता आत आला. प्रेरणानं डब्यातली चटणी त्याच्या टेबलावर ठेवली, आणि त्याला चावता येणार नाही हे आठवून परत उचलली, आणि मग म्हणाली, असू दे, उजवीकडनं खावा. जरा वेळानं चिमणाबाईचा फोन आला. काम नव्हतं. रेडी झाली होती, आणि म्हशीनं पहिल्यांदा चाटलं ते तिला सांगायचं होतं. हे ऐकायची यंत्रात काही सोय नव्हती, त्यामुळे त्यानं स्वतःच ऐकलं.

घरी पोचेपर्यंत जबड्याला मुंग्या यायला लागल्या होत्या. आपला गाल थोडाथोडा परत मिळत होता, आणि त्याबरोबर आवळायची जुनी ओढही. एकदा त्यानं स्वतःला दात मिटताना पकडलं, आणि सोडलं. हे असं बहुतेक रोज करावं लागणार. स्वभाव काही इंजेक्शननं जात नाही. मोना दारात नव्हती, मागं भांडी वाजत होती. पुढच्या खोलीत आण्णा लोखंडी खाटेवर बसलेले, समोर टीव्ही घर हादरेल एवढा मोठा. तो रोज त्यांच्या खांद्याला हात लावायचा आणि आत जायचा. आलोय, एवढंच त्यात असायचं. आज तो उंबऱ्यातच थांबला. त्या पांढऱ्या, बारीक कापलेल्या केसांकडं, त्या मोठ्या कानांकडं बघितलं. पत्र्यावर आपटून परत येणारा आवाज याच माणसाचा. त्यानं श्वास घेतला.

“आण्णा! जेवलासा काय?”

मागची भांडी थांबली. शेजारच्या खिडकीत कुणीतरी आलं. आण्णा दचकले नाहीत. हळूच वळले आणि त्याच्याकडं असं बघितलं जसं कुणी फार दिवसांनी गावाहून आलेल्या माणसाकडं बघतं, ओळख पटवत.

“वरडतोस कशाला,” ते म्हणाले. “येतंय की ऐकायला.”

मग त्यांनी टीव्ही बंद केला, खाटेवर सरकून जागा केली आणि विचारलं, “आनी काय म्हन्तोस?”